एमिलियाचं सोंग

धुळवडीच्या सकाळी अंगणात वाल झोडपत बसलेल्या एमिलियाने स्वतःलाच फाटकातून आत येताना पाहिलं.

तेच लाल चौकड्यांचं लुगडं, तसाच मारलेला कासोटा, डोक्यावर भाजीची पाटी. तोंडाला कानापर्यंत फासलेली काजळी आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाचे ठिपके. ते ठिपके म्हणजे एमिलियाच्या तोंडावरचे देवीचे वण. छातीला दोन करवंट्या बांधलेल्या. मागे ढोल, आणि ढोलामागे चारकोप गावची निम्मी माणसं दात काढत.

सोंग धाकूचं होतं. धाकू मूळचा देवगडकडचा. गिरणीतून सुटल्यावर गावच्या जमीनदार हर्बर्टच्या चाळीत बिऱ्हाड करून राहिला आणि हर्बर्टच्याच शेतात राबायला लागला. गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, तोंडाने मोठा गमत्या. शिमग्याला तो एमिलिया व्हायचा आणि दारोदार पोस्त मागत फिरायचा. गावात हिंदू तेवढेच ख्रिस्ती, पण या सोंगाला हसताना कुणी जात विचारली नव्हती. एमिलियाही दर वर्षी हसायची. नारळ पाटीत टाकायची आणि हसायची. न हसून करते काय? शिमग्याला रागावणारं माणूस म्हणजे लोकांना पुढच्या शिमग्याची सोय.

यंदा मात्र सोंगात दोन गोष्टी नव्या होत्या. धाकूच्या गळ्यात सुक्या बोंबलांची जपमाळ होती, खाली काटक्यांचा क्रूस लोंबत होता. आणि त्याचं बोट धरून चाळीतलं एक पोर चालत होतं. त्याच्या अंगात फ्रॉक, तोंडाला तीच काजळी.

"आये," ते पोर पढवल्यासारखं बोललं, "मना नवरा कवा मिलंल?"

"रातचा, बाय," धाकू एमिलियाच्या आवाजात म्हणाला. "दिवसा बघून कोण करंल तुना?"

फाटकाबाहेर हशा फुटला. मॉनिका आईशेजारी सुपात वाल निवडत होती. नऊ वर्षांची पोर. रंगाने आईवर गेलेली. तिने सूप खाली ठेवलं, फ्रॉकावरचा भुसा झाडला आणि घरात गेली.

एमिलियाने नारळ पाटीत टाकला. या वेळी तिला हसता आलं नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण सगळे सोंगाकडे बघत होते.

दुपारपर्यंत गावाचा रंग पालटला. ख्रिस्ती लोकांचे चाळीस उपास चालू, घरोघर मासमच्छी बंद, आणि अशा दिवसांत गळ्यात बोंबलांची जपमाळ! क्रुसाजवळ माणसं जमली. हातात काठ्या आल्या. एमिलियाचा नवरा जॉन अंधेरीच्या एका कारखान्यात कामाला होता. तो घरी आला तोच आरडाओरडा करत.

"धर्माची मस्करी करतो म्हणजे काय? त्याचा पाय मोडायला पायजे!"

"आणि माजी केली ती?" एमिलियाने विचारलं.

"तुजी तर दर वरसाला करतो."

असं म्हणून त्याने काठी उचलली आणि तो गेला. एमिलिया वालाच्या ढिगाकडे बघत राहिली. तिच्या तोंडाला काजळी फासली तेव्हा कुणाचं काही दुखलं नव्हतं. बोंबील गळ्यात घातले आणि सगळ्या गावाचा देव दुखावला. देवाच्या मागे केवढी माणसं उभी राहिली, आणि देवाला तर तोंडही धुवावं लागत नाही.

मारामारी काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हर्बर्टच्या ओटीवर समेट बसला. एमिलियाचं घरही त्याचीच खाचरं अर्धेलीने करायचं आणि नांगराला त्याचेच बैल आणायचं. चाळीतर्फे म्हातारा सहदेव आला होता. देवळाचा पाद्री आला होता. दारूबंदीमुळे समेट चहावरच करायचा होता. बायका दाराआड उभ्या होत्या.

धाकूने पाद्रीचे पाय धरले. रविवारी क्रुसासमोर मेणबत्ती लावायचं कबूल केलं. हर्बर्टची माफी मागितली, जॉनची माफी मागितली. जॉनने मोठ्या मनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"झाला मगे," सहदेव म्हणाला. "आता चाय घेवा सगळ्यांनी."

"माजं राहिलं," दाराआडून एमिलिया बोलली.

सगळे वळले. ती उंबरा ओलांडून पुढे आली होती.

"तुझा काय?" सहदेवाने विचारलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

"माज्या तोंडाचं. माज्या पोरीच्या तोंडाचं."

धाकूने मान तिरकी केली. त्याचे घारे डोळे हर्बर्टकडे जाऊन आले.

"बाये, तुझा तोंड देवान काळा केल्यान. माजो काय दोस? माफी होयी तर त्येच्याकडे माग."

हर्बर्टने घेतलेला चहाचा पहिला घोट नाकातून बाहेर आला. मग सगळे हसले. सहदेव हसला, पाद्री मान खाली घालून हसला, आणि आत बायकांत कुणीतरी पदर तोंडात कोंबला. जॉनही हसला. अगदी थोडा, ओठांच्या कडेने. पण एमिलियाने तो पाहिला.

समेट झकास झाला. सगळे समाधानाने घरी गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी मॉनिका शाळेला निघेना. शाळेत पोरं तिला 'डांबर' म्हणायला लागली होती. एमिलिया तिला शोधत परसात गेली. पोर धुण्याच्या दगडापाशी उकिडवी बसली होती. हातात विटेचा तुकडा. गाल घासून घासून सोलला होता, हनुवटीवरून रक्ताचं पाणी गळत होतं.

"आये, बघ," ती वर बघून म्हणाली. रडत नव्हती. खूश होती. "खालून गोरी हाय मी."

एमिलियाने तिच्या हातातून वीट काढून घेतली. गाल धुतला, खोबरेल लावलं. तिची सासू आयडा दारात आली, बघून छातीवर क्रूस केला आणि म्हणाली, "अर्पण कर बाय, दुःख देवाला अर्पण कर." एमिलियाने काहीच अर्पण केलं नाही. तेल लावताना तिचा हात पोरीच्या गालावरून अगदी हळू फिरत होता आणि मनात एकच गोष्ट जळत होती. धाकूला असाच सोलायचा. लोकांसमोर, सगळे हसत असताना. आणि परत कुणी या पोरीचं नाव सोंगाला घ्यायचं नाही.

चैत्र लागला. राबाचे दिवस आले.

राब म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची. आधी शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या डहाळ्यांचा टाळ, टाळावर गवत, गवतावर मातीचा बारीक थर, आणि मग वारा बघून आग द्यायची. एमिलिया पहाटे शेणाच्या पाट्या वाहायची. उन्हं चढली की टाळाच्या मोळ्या. मानेचा काटा ढिला व्हायचा, पाठीवर मुंग्या चढायच्या, घामात राख बसून अंगाला खाज सुटायची. जॉन कारखान्यात, सासू गुडघ्याने अधू. त्यामुळे राब सगळा तिच्यावर.

शेजारच्या खाचरात हर्बर्टचा राब होता आणि तिथे धाकू टाळ पसरत होता. एमिलिया काम करता करता त्याला बघायची. आजवर तिने त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. सोंग आलं की तिची मान खाली जायची. आता ती मान वर करून बघायला लागली.

धाकू चालताना डावा खांदा पुढे टाकायचा. बोलायच्या आधी मानेचा मागचा भाग खाजवायचा. पण खरी गंमत हर्बर्ट शेतावर आला की सुरू व्हायची. हर्बर्टला विनोद सांगायची हौस होती आणि विनोद त्याच्याकडे मोजून चार. बोटीत ओकलेल्या भटाचा, चष्मा हरवलेल्या पोलिसाचा, असले. विनोद संपायच्या आधी तो नाक पुसायला थांबे. तो थांबला की धाकू हसायला लागे. गुडघ्यात वाके, मांडीवर थाप मारे, "मेलंय मी शेट, मेलंय!" म्हणून पोट धरे. आणि वाकलेला असताना, काखेखालून, एक डोळा वर करून बघे. शेटने पाहिलं का?

तो डोळा दिसला तेव्हा एमिलियाच्या हातातली पाटी तशीच राहिली. तिला इतका आनंद झाला की तिने धुराचं निमित्त करून तोंड वळवलं. सगळ्या गावाला हसवणारा हा माणूस भाकरीसाठी हसत होता. त्याचं त्यालाही ते ठाऊक होतं, म्हणून तर तो डोळा.

मग ती रोज बघू लागली. घरी कुणी नसताना मडक्यातल्या पाण्यात वाकून बघायची, गुडघ्यात वाकायची, मांडीवर थाप मारायची. एकदा सासूने विचारलं, "पोटात दुखतंय कय?" "नाय आई," एमिलिया म्हणाली, "बरं वाटतंय."

ईस्टर झाला, उपास सुटले, आणि हर्बर्टच्या मुलीचं लग्न निघालं.

लग्नघर म्हटलं की एमिलियाची आठवण होई. असा आवाज पंचक्रोशीत दुसऱ्या बाईला नव्हता. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जात. तेव्हा गाणी तीच सांगायची. पण कळशी घेऊन पुढे चालायला गोऱ्या, नीटस मुली निवडत, आणि एमिलियाला मागे ठेवत. "तू मागून सूर धर," हर्बर्टची बायको दर लग्नात गोड बोलून सांगायची. आवाज पुढे पोचला की पुरे होता, तोंड पोचायची गरज नव्हती.

या विहिरीवरच्या गाण्यांत एक रीत होती. कुणाचीही खोडी काढायची. नवऱ्याच्या आईची, करवलीच्या दातांची, पाद्रीच्या पोटाचीसुद्धा. आणि कुणी राग धरायचा नाही.

त्या दिवशी सकाळपासून बायका हर्बर्टच्या पडवीत तांदूळ कुटत होत्या. एमिलियाने मुसळ धरलं होतं. हाताला फोड आले तरी ती थांबली नाही. दुपारी मडक्याला चामडं लावलेला घुमट वाजायला लागला, बायका विहिरीकडे निघाल्या, तेव्हा ती मागे राहिली. मागे राहायची तिला सवयच होती.

विहिरीभोवती बायकांचं कडं झालं होतं. आंब्याखाली पुरुष उभे होते. हर्बर्ट, पाद्री, सहदेव, आणि मांडवासाठी केळीचे खुंट वाहून आणणारा धाकू. धाकूची बायको शेवंती बायकांत होती. गोरीपान, नाजूक, गावात जिच्या रूपाचं कौतुक व्हायचं ती.

गाण्याची वाट बघत सगळे खोळंबले, आणि कडं फोडून एक पुरुष आत आला. जॉनची खाकी अर्धी चड्डी, जॉनची टोपी, आणि तोंडाला, मानेला, हातांना कुटलेल्या तांदळाचं पीठ. पांढराफटक. डावा खांदा पुढे टाकून तो चालत होता. मधेच थांबला, मान खाजवली.

कुणीतरी खुदकन हसलं. पिठाखालची एमिलिया गात नव्हती. ती कानाशी हात नेऊन ऐकत होती, जणू समोर कुणी बडा माणूस बोलतोय. मान हलवत होती. त्या दिसत नसलेल्या माणसाने नाक पुसलं असावं, कारण ती एकदम गुडघ्यात वाकली, मांडीवर थाप मारली. "मेलंय मी शेट, मेलंय!" आणि काखेखालून एक डोळा वर आला. बघून खाली गेला. परत वर आला.

विहिरीवर हशाचा लोंढा आला. असं हसणं शिमग्यात कधी झालं नव्हतं. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. एमिलिया वाकत होती, थाप मारत होती, डोळा वर जात होता. मग ती हर्बर्टसमोर जाऊन वाकली, आणि हशात जास्तीचं काही मिसळलं. आपल्या विनोदांना कोण का हसतं हे हर्बर्टला त्या दुपारी, पाहुण्यांच्या देखत, पहिल्यांदा कळलं.

आणि मग शेवंती हसली. आधी तिने पदर तोंडाशी धरला होता. पदर सुटला. ती विहिरीच्या कठड्याला टेकली, खाली बसली, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "असोच! गो बाय, अगदी असोच!" ती म्हणत होती. घरीही तो असाच वाकत असावा, कुणासमोर ते तिलाच ठाऊक.

धाकूच्या हातातून केळीचा खुंट पडला. सवयीने त्याचं तोंड हसायला उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं. एमिलियाने त्याच्याकडे सरळ पाहिलं. पिठाखाली घामाचे ओघळ उतरत होते. इतकं गोड तिला बऱ्याच दिवसांत काही लागलं नव्हतं.

हसणं संपल्यावर मात्र गावाला आठवलं की आपण दुखावलो आहोत.

"लग्नघरात मस्करीला काय मर्यादा हाय की नाय?" हर्बर्ट ओरडला. शुभकार्यात भुतासारखं पांढरं तोंड आणलं म्हणून त्याच्या बायकोने अपशकुन धरला. बाईने पुरुषाचे कपडे घालणं धर्माला सोडून आहे, असं पाद्रीने जागच्या जागी सांगितलं. धाकूने लुगडं नेसलेलं पाहायला तो दर शिमग्याला गॅलरीत उभा असे. सहदेवाने चाळीच्या अब्रूचा प्रश्न काढला. हिंदू दुखावले, ख्रिस्ती दुखावले, आणि या एका बाबतीत गावात कमालीची एकी झाली.

"उंबराच्या पाण्याला राग धरतात कय?" एमिलियाने विचारलं, विहिरीचं पाणी काढलं आणि तोंड धुतलं.

राग धरला. हर्बर्टने निरोप पाठवला की यंदा बैल मिळणार नाहीत.

जॉन दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "गप बसली असतीस तर बैल मिलाले असते."

"तू हसला होतास," एमिलिया म्हणाली. "ओटीवर. मी बघितलं."

जॉनने ताट सरकवलं. पण रविवारी देवळातली मिस्सा झाल्यावर त्याने कुदळ उचलली आणि खाचरात उतरला. त्या दिवसापासून ती दोघं हाताने जमीन खणू लागली. जॉन कामावर जायच्या आधी, एमिलिया दिवसभर. उन्हाने ढेकळं विटेसारखी झाली होती. कुदळीचा घाव बसला की दणका खांद्यापर्यंत यायचा. शाळेला सुट्टी लागली होती. मॉनिका मागून ढेकळं फोडायची. गालावरची खपली पडून गेली होती, तिथे आता फिकट डाग होता. विहिरीवरल्या त्या दिवसापासून सुट्टी लागेपर्यंत तिला शाळेत कुणी डांबर म्हटलं नव्हतं. पोरांना नवा खेळ मिळाला होता.

धाकू रस्त्याने जायला लागला की पोरं गुडघ्यात वाकत. "मेलंय मी शेट!" आणि काखेखालून डोळा. दुकानावर त्याने काही गंमत सांगायला तोंड उघडलं की लोक आधीच हसत, पण गमतीला नाही. तो हसायला गेला की सगळे त्याचा डोळा बघत. हर्बर्ट त्याला शेतावर बोलवीनासा झाला. धाकू हसला तरी त्याला राग यायचा आणि नाही हसला तरी यायचा. घरी शेवंती भाकरी वाढता वाढता मधेच फुटायची आणि उठून बाहेर जायची.

एका दुपारी तो खाचराच्या बांधावर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली. आयडा सावलीला बसून पोरीसाठी पेज गार करत होती.

"एमिलिया," तो म्हणाला, "आता पुरे कर गो."

"मी कय करतंय?" तिने कुदळ थांबवली नाही. "मी एकदाच केलं."

"तू पोरांका सांग. तू सांगलंस तर थांबतली." त्याचा हात मानेकडे गेला आणि अर्ध्यातच खाली आला. "माका हसूक जमना नाय. सवताच्या घरात जमना नाय. काम तुटला. बायको तोंडाकडे बघना नाय, बघलान तर हसता. मी माफी मागतंय तुझी. आज मागतंय, सगळ्यांच्या समोर सांग, तशी मागतंय."

एमिलियाने कुदळ टेकली. या दिवसाची तिने वाट पाहिली होती. आता तो आला होता आणि तिला घाई नव्हती.

"माजी नको," ती म्हणाली. "माजी वेळ गेली. तिची माग."

धाकूने मॉनिकाकडे पाहिलं. ती ढेकळांत उकिडवी बसली होती, हातात लाकडी मोगरी. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं. मग बांधावरून खाली उतरला, तिच्यासमोर उभा राहिला आणि दोन्ही हात जोडले. घारे डोळे खाली होते.

"बाये, चुकलंय मी. माका माफ कर."

मॉनिकाने त्याच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे. बराच वेळ, नीट, जसं आजवर लोक तिच्या तोंडाकडे बघत आले होते.

"नाय," ती म्हणाली.

"पोरी!" आयडा सावलीतून ओरडली. "असं बोलू नये. माफ कर बोलतात. देवाबापाला आवडत नाय."

"आई," एमिलिया म्हणाली, "बोलू दे तिला."

"सांग गो तिका," धाकू एमिलियाकडे वळला. त्याचा आवाज फाटला होता. "लहान हा ती. तिका काय समाजता?"

लहान आहे, समजत नाही, हे एमिलियाला पटवून देणारं काही त्या खाचरात नव्हतं. तिने कुदळ उचलली आणि पुढच्या सरीला लागली. मॉनिका पेज प्यायला सावलीत गेली, पेज पिऊन आली, पदर नसल्याने फ्रॉकाला तोंड पुसलं आणि पुन्हा ढेकळांपाशी बसली. धाकू तिथेच उन्हात उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.